वाऱ्याचे वाटेकरी : प्रस्तावना

म्हैसूरजवळ नंजनगूड तालुक्यात हदिनारू नावाचे गाव आहे. हिवाळ्यात गावच्या तळ्यावर पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखी-पांढरे हंस मंगोलिया-तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून इथवर येतात. त्यांचे याहून मोठे थवे उत्तरेला, गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर मुक्काम ठोकतात. विश्रांती पाण्यावर आणि चरणे आसपासच्या शेतांत, असा त्यांचा हिवाळा जातो. मागडीचे तळे २०२४ मध्ये रामसर यादीत गेले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झाले. याच गदग जिल्ह्याचे नाव आज कर्नाटकात पवनऊर्जेसाठीही घेतले जाते. एका जिल्ह्याच्या आकाशात हिमालयापलीकडून येणारे पाहुणेही आहेत आणि वाऱ्यावर वीज करणारी पातीही.

हा शेजार घातकच ठरेल असे नाही. तो कुठे घातक ठरतो, कोणाला आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत, हे मात्र मोजूनच कळते. मोजणी न करता दोन्ही बाजूंनी ठाम बोलणारे पुष्कळ भेटतात. एकाच्या मते पवनचक्की म्हणजे निव्वळ पुण्याई, तर दुसऱ्याच्या मते पक्ष्यांचा कत्तलखाना. हातात असलेला पुरावा या दोन्ही मतांना साथ देत नाही. नुकसान सगळीकडे सारखे होत नाही. ते थोड्या चुकीच्या जागांवर आणि थोड्या ठरावीक तासांत साठलेले असते. म्हणून ते टाळताही येते. या पुस्तकाचे सार एवढेच आहे, आणि ही प्रस्तावना त्या साराच्या मागचा हिशेब मांडण्यासाठी आहे.

हे लेखन म्हैसुरातून व्हावे यालाही कारण आहे. दसरा, राजवाडा आणि चामुंडीचा डोंगर पाहून मराठी पर्यटक हमखास रंगनथिट्टूला नावेत बसतो. कावेरीच्या बेटांवरची चित्रबलाकांची आणि झोळीवाल्यांची घरटी पाहतो आणि तिथेच झाडांना उलटी लटकलेली शेकडो फळखाऊ वटवाघळेही पाहतो. सालिम अली यांनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. रंगनथिट्टूचे महत्त्व त्यांनी दरबारच्या कानावर घातले आणि १९४० मध्ये ते अभयारण्य झाले. आज नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे मुख्य कार्यालय म्हैसुरातच आहे. तेरा संस्थांनी मिळून २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल काढला, त्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. देशभरच्या हौशी पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या माहितीवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. दीर्घकालीन कल सांगता येईल अशा ३३८ जाती निघाल्या, आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के जाती घटत चालल्याचे दिसले. शिकारी पक्षी, स्थलांतर करून येणारे पाणपक्षी आणि उघड्या माळरानावरचे पक्षी यांची घट अधिक आहे. पवनचक्की बसते ती बहुधा उघड्या माळावर किंवा डोंगराच्या कण्यावर. जे पक्षी आधीच अडचणीत आहेत त्यांच्याच घरात हा नवा भाडेकरू येतो आहे.

विजेसाठी निसर्गाला हात लावणे म्हैसूरला नवे नाही. संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार केली आणि ती तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणे ही मोठी गोष्ट होती. पाणी झाले, कोळसा झाला, आता वाऱ्याची पाळी आहे. २०२५ मध्ये देशाची पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५०,००० मेगावॅटच्या पुढे गेली. या बाबतीत चीन, अमेरिका आणि जर्मनीनंतर आपला क्रमांक लागतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात नव्या क्षमतेची सर्वाधिक भर कर्नाटकाने घातली. चित्रदुर्ग, दावणगेरे, गदग, विजयनगर या पट्ट्यातून रेल्वेने जाताना टेकड्यांवर पांढरे मनोरे दिसतात ते याचेच. २०३० पर्यंत ५,००,००० मेगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. तेव्हा हे मनोरे वाढतच जाणार. ते वाढावेत असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोळशाच्या धुराने आणि तापत्या हवामानाने पक्ष्यांचे जे नुकसान होते ते पात्यांच्या नुकसानीपेक्षा दूरगामी आहे. प्रश्न वाढण्याचा नाही, कुठे आणि कसे वाढायचे याचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. दुरून पाहिले की पवनचक्की आळसावलेली वाटते. हिशेब केला की चित्र बदलते. १२० मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला बारा वेळा फिरले, तर पात्याचे टोक ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाते. पाते जवळ आल्यावर डोळ्याला ते सलग दिसत नाही, पुसट पट्टा होऊन जाते. शिकारी पक्ष्याची नजर तीक्ष्ण असते हे खरे, पण उडताना ती खाली, भक्ष्यावर असते. गिधाडांच्या दृष्टिक्षेत्राचा अभ्यास झाला आहे. मान खाली घालून जमीन धुंडाळताना त्यांना समोरच्या दिशेला काहीच दिसत नाही, असे त्यातून पुढे आले. लाखो वर्षांत गिधाडाला आकाशात समोरून काही येण्याची सवय नव्हती. शिवाय डोंगराच्या कण्यावर वारा आदळून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत राहणे ही गरुड-गिधाडांची रीत, आणि चक्कीवाल्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. दोघेही एकाच वाऱ्याचे वाटेकरी.

मेलेले किती, हे कसे कळते? इथे जरा थांबून कामाची पद्धत पाहायला हवी, कारण सगळे आकडे तिच्यातून येतात. मनोऱ्याभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ आखतात. मग त्या वर्तुळात काही मीटर अंतराच्या समांतर रेषांवरून सावकाश चालायचे. सापडते ते बहुतेक वेळा अख्खा पक्षी नसतो. कधी छातीच्या पिसांचा पुंजका मिळतो, कधी एकटाच पंख, कधी फक्त पाय. प्रत्येक तुकड्याचा फोटो, मनोऱ्यापासूनचे अंतर, दिशा, ताजेपणा, सगळे टिपून घ्यायचे. पण माणूस पोचण्याआधी कुत्री, कोल्हे, मुंगूस आणि कावळे येऊन गेलेले असतात. दहा ग्रॅमचे वटवाघूळ तर गवतात एका रात्रीतच नाहीसे होते. म्हणून अभ्यासक मुद्दाम काही मृत पक्षी तिथे ठेवतात आणि दोन गोष्टी तपासतात. ते किती दिवस टिकतात, आणि ठेवल्याची कल्पना नसलेल्या शोधकाला त्यांतले किती सापडतात. या दोन्ही उत्तरांवरून सापडलेल्या आकड्याला दुरुस्ती लावतात. ही दुरुस्ती न लावता ‘आमच्याकडे फारसे पक्षी मरत नाहीत’ असे कोणी म्हटले, तर त्याने मोजलेच नाही असे समजावे.

या पद्धतीने भारतात झालेल्या मोजक्या कामांत कोइम्बतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राच्या अभ्यासकांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांनी दोन ठिकाणे घेतली. एक कच्छमधले समाखियाळी आणि दुसरे तेव्हा दावणगेरे जिल्ह्यात असलेले, आता विजयनगर जिल्ह्यात आलेले हरपनहळ्ळी. कच्छमध्ये तीन वर्षांत किमान ११ जातींचे ४७ मृत पक्षी मिळाले. हरपनहळ्ळीला एका वर्षात किमान तीन जातींचे सात. दुरुस्त्या लावल्यावर एका चक्कीमागे वर्षाला होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज कच्छसाठी ०.४७८ आणि हरपनहळ्ळीसाठी ०.४६६ निघाला. म्हणजे दोन चक्क्यांमागे वर्षाला साधारण एक पक्षी. कच्छचे रण आणि दख्खनचा माळ यांत जमीन-अस्मानाचा फरक, तरी दर जवळजवळ सारखा. युरोप-अमेरिकेतल्या कित्येक वाईट ठिकाणांच्या मानाने तो कमीच आहे.

एवढ्यावर समाधान मानायचे का? मेलेला पक्षी कोणता, यावर उत्तर अवलंबून आहे. पारवा वर्षातून अनेकदा अंडी घालतो. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला काही वर्षे लागतात. मोठ्या गरुडांचेही तसेच. पारवे मेले तर व्याज खर्च होते, गरुड मेला तर मुद्दलाला हात लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आल्टामाँट खिंडीत जुन्या, दाटीने लावलेल्या चक्क्यांनी सोनेरी गरुडांचा असाच मुद्दलाला हात लावला, आणि गेली कित्येक दशके ती खिंड चुकीच्या जागेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते.

आता आपल्या साताऱ्याकडे येऊ, कारण जगभर उल्लेख होतो असा एक अभ्यास तिथे झाला आहे, आणि त्यात पाते कोणाला लागतच नाही. साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्याने वर चढले की चाळकेवाडीचे पठार लागते. पलीकडे पाटण तालुक्यातले वनकुसवडे. जांभ्या दगडाचा हा सडा उन्हाळ्यात उघडाबोडका दिसतो आणि पावसानंतर रानफुलांनी भरतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि वनकुसवड्याचे नाव देशभर झाले. याच सड्यावर गळ्याला पंखा असलेला एक सरडा राहतो. सरडा सुपर्बा या नावाने स्वतंत्र जाती म्हणून त्याचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वळवाआधीच्या तापल्या दिवसांत नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालची कातडी झटकन उघडतो. निळा, काळा आणि नारिंगी अशा तीन रंगांची ती झळक क्षणात मिटते, पुन्हा उघडते. माद्यांना बोलावणे आणि दुसऱ्या नरांना दम देणे, दोन्ही कामे ती करते. तोच नर वर घिरट्या घालणाऱ्या घारीलाही दिसतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांब्रे व हर्षल भोसले यांनी पठारावरच्या चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. २०१८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या जागी शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि सरड्यांवरचे हल्लेही कमी. भक्षक हटले, तसे सरडे वाढले. मग साखळी पुढे सरकली. गर्दीतले सरडे अंगाने किरकोळ निघाले. माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत. ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक त्यांच्या रक्तात कमी वाढत होते. नरांच्या गळ्याचे निळे-नारिंगी रंग फिके होते. एकाही सरड्याला पात्याचा स्पर्श झाला नव्हता. पठारावरच्या हवेतून ससाणे-घारी बाजूला झाल्या, एवढ्यानेच खालच्या गवतातल्या प्राण्याची भीती, भूक आणि रंग बदलले. पवनचक्की जणू एक नवा शिकारी होऊन शिकाऱ्यांनाच हाकलते. मृत पक्ष्यांची गणना कितीही चोख केली, तरी हा परिणाम तिच्यात दिसत नाही. तो पाहायला चक्क्यांआधीची नोंद हवी किंवा शेजारची मोकळी जागा तरी. साताऱ्यात तुलनेला मोकळा सडा उरला होता म्हणून हे कळले. सगळे पठार भरून गेले असते तर हे बदल कोणाच्या लक्षातही आले नसते.

पक्ष्यांची निदान दखल घेतली जाते. वटवाघळांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, आणि कीटकभक्षी वटवाघळांच्या बहुतेक जातींना कोणत्याच यादीत जागा नव्हती. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, म्हणजे गिधाडासारखाच मुद्दलाचा मामला. पात्यांपाशी ती का जातात, याची कारणे अजून शोधली जात आहेत. पात्यांभोवती कीटक जमतात म्हणून, उंच मनोरा त्यांना झाडासारखा वाटतो म्हणून, की स्थलांतराच्या वाटेवर जागा तपासायची त्यांची खोडच आहे म्हणून? एक गोष्ट मात्र पक्की आहे. ती कमी वाऱ्याच्या रात्री अधिक उडतात आणि कमी वाऱ्याच्या रात्रीच अधिक मरतात. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पवनचक्क्यांखाली मिळालेल्या बहुसंख्य वटवाघळांच्या आत रक्तस्राव आढळला. फिरत्या पात्याभोवती हवेचा दाब एकदम पडतो आणि नाजूक फुप्फुसे फुटतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. हा वाटा नेमका किती आणि थेट धडकेचा किती, यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाला. मरण मात्र वादापलीकडचे आहे. भारतात कच्छमधल्या चक्क्यांखाली मृत वटवाघळे मिळाल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मराठी वाचकाने या संदर्भात एक नाव लक्षात ठेवावे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडी-कृष्णापूरच्या जंगलात बारापेडे गुहा आहे. आज तो प्रदेश भीमगड अभयारण्यात येतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत या गुहेतून एक मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ मिळाले आणि १९१३ मध्ये रॉटन यांच्या नावाने ते शास्त्रात नोंदले गेले. पुढे जवळजवळ सगळे शतकभर ते जगात या एकाच गुहेतून माहीत होते. नंतर कंबोडियात आणि मेघालयात ते मिळाले. सालिम अलींच्या नावाच्या फळखाऊ वटवाघळाप्रमाणे यालाही कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले आहे. या घराण्यातली वटवाघळे लांब, अरुंद पंखांची असतात. झाडांच्या फांद्यांत न शिरता उंचावर, उघड्या हवेत वेगाने उडून किडे पकडतात. अमेरिकेत त्यांचीच चुलत जात पवनचक्क्यांच्या मोठ्या बळींत मोडते. तेव्हा खानापूर-बेळगावच्या डोंगरांवर उद्या चक्की उभारायची म्हटले, तर पहिला प्रश्न या गुहेचा निघायला हवा.

तो विचारायची सक्ती आज कोणावर आहे? इथे गाडे अडते. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना धरणे, खाणी, औष्णिक वीज केंद्रे अशा प्रकल्पांची यादी देते. त्या यादीत पवनऊर्जा नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगांनुसार वर्गवारी केली, तेव्हा पवनऊर्जा पांढऱ्या, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी गटात गेली. धूर आणि सांडपाणी एवढेच मोजायचे असेल, तर हे योग्यच आहे. वनजमीन लागली तर वन कायद्याची परवानगी घ्यावी लागते. पण माळरान, गायरान आणि खासगी सडे हे बहुतांशी वनखात्याच्या नकाशाबाहेर असतात. पट्टकादंब चरतात ती शेते तर कुठल्याच नकाशावर नाहीत. परिणामी, वर्षभर पक्षी मोजा, चक्क्या लागल्यावर मृतांची गणना करा आणि ती लोकांपुढे ठेवा, असे कंपनीला सांगणारा सर्वसाधारण नियम नाही. काही कंपन्या परदेशी कर्जदारांच्या अटींमुळे अशी पाहणी करतात. ती त्यांच्या कपाटात राहते.

वीज वाहून नेणाऱ्या तारांची गोष्ट वेगळी निघाली, कारण तिथे माळढोक होता. राजस्थानच्या थरमध्ये सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या टापूत उच्चदाब तारांना धडकून वर्षाला अंदाजे ८४,००० पक्षी मरतात, असे भारतीय वन्यजीव संस्थेने सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातेतल्या मोठ्या टापूत तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सौर आणि पवनऊर्जेची गरज लक्षात घेऊन सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवरचा तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. ऊर्जा आणि पक्षी यांचे भांडण न्यायालयातच सोडवायची वेळ आली, याचा अर्थ नियोजनाच्या टेबलावर पक्ष्यांसाठी कोणी बसलेच नव्हते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आता क्वचितच दिसतो. आपल्याकडे हा खटला उभा राहायला खूप उशीर झाला.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, इमारतींच्या काचा ३६ ते ९९ कोटी, आणि पवनचक्क्या दीड ते सव्वातीन लाखांच्या आसपास, असे २०१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेले अंदाज सांगतात. मग चक्क्यांच्याच नावाने ओरड का? आकडे बरोबर आहेत, पण ते सगळ्या पक्ष्यांना एकाच तराजूत घालतात. मांजर गरुड मारत नाही. काचेवर आदळते ते बहुधा लहान पाखरू. मुद्दल कोणाचे जाते, हा प्रश्न या तुलनेत हरवतो. शिवाय मांजरांना परवाना लागत नाही. पवनचक्कीची जागा माणूस ठरवतो, कागदावर, आधी. जे आधी ठरवता येते त्याची जबाबदारीही आधीच घ्यावी लागते.

उपाय महागडे असतील असे वाटते, आणि नेमके तिथेच आकडे सुखद धक्का देतात. दक्षिण स्पेनमधल्या टारिफात गिधाडे जवळ आली की निवडक चक्क्या थांबवायचे ठरवले. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वर्षाचे वीज उत्पादन फक्त ०.०७ टक्क्याने घटले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात वटवाघळांच्या स्थलांतराच्या काळात रात्री कमी वाऱ्यावर पाती फिरवायची नाहीत असे केले, तेव्हा वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी कमी झाले आणि वर्षाचे उत्पादन एक टक्का किंवा त्याहून कमीच घटले. कमी वाऱ्यावर वीजही थोडीच तयार होते, त्यामुळे हा सौदा फारसा जड जात नाही. नॉर्वेच्या स्म्योला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगवून पाहिले. चारच चक्क्यांवरचा प्रयोग, पण पक्षिमृत्यू सत्तर टक्क्यांहून जास्त घटले. पुसट पट्टा डोळ्याला पुन्हा पाते म्हणून दिसू लागला.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणे, आणि तो फक्त पहिली वीट रचण्याआधीच करता येतो. बर्डलाइफ इंटरनॅशनल आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी मिळून केलेला ‘अव्हिस्टेप’ हा नकाशा २०२२ पासून कोणालाही पाहता येतो. कुठल्या टापूत पक्ष्यांना धोका जास्त हे तो रंगांनी दाखवतो. कंपनीचा इंजिनिअर, तहसीलदार किंवा गावचा सरपंच, कोणीही तो उघडून पाहू शकतो. दुसरी संधी जुन्या चक्क्यांची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने जुन्या पवन प्रकल्पांच्या नूतनीकरणाचे धोरण आणले. साताऱ्याच्या सड्यांवरच्या छोट्या, जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी थोड्या पण मोठ्या चक्क्या लावायच्या असतील, तर कोणता मनोरा परत उभा करायचा आणि कोणती कड मोकळी सोडायची हे ठरवण्याची वेळ हीच आहे. चाळकेवाडीचा अभ्यास हाताशी आहे. तो वापरला नाही तर दोष शास्त्राचा नसेल.

या पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही सांगतो. पवनऊर्जेला विरोध करणाऱ्याला इथे दारूगोळा मिळणार नाही, आणि तिची जाहिरात करणाऱ्यालाही नाही. पुढच्या प्रकरणांत जागांची निवड, मोजणीच्या पद्धती, शिकारी पक्षी, वटवाघळे, तारा आणि कायदा यांचा क्रमाने विचार केला आहे. उदाहरणे शक्य तितकी सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या या बाजूची घेतली आहेत; बाहेरची उदाहरणे आपल्याकडे तसे काम झालेले नाही तिथेच आली आहेत. पक्ष्यांची मराठी नावे वापरली आहेत, कारण मेलेला पक्षी प्रथम सापडतो तो गुराख्याला किंवा चक्कीच्या पहारेकऱ्याला, आणि त्याची नोंद त्याच्याच शब्दांत सुरू होते.

वाचकाला एक विनंती करून थांबतो. तुमच्या गावच्या सड्यावर किंवा माळावर पवनचक्कीसाठी जमीन मागायला कोणी आले, तर भाड्याचा दर विचाराच. त्यात गैर काही नाही. त्याबरोबर ग्रामसभेत आणखी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पहिला, इथल्या पक्ष्यांची आणि वटवाघळांची पाहणी चारही ऋतूंत झाली आहे का? दुसरा, चक्क्या सुरू झाल्यावर मृतांची गणना कोण करणार, आणि ती दरवर्षी गावासमोर येणार का? तिसरा, मृत्यू जास्त निघाले तर कोणत्या दिवसांत आणि कोणत्या तासांत चक्की थांबवणार? प्रत्येक चक्कीने किती युनिट वीज केली याची नोंद कंपनी दररोज ठेवते. तिच्याखाली किती पक्षी मेले याची नोंद ठेवायला लावणारा कायदा होईपर्यंत ती मागणे गावाच्या हातात आहे.